गव्हाणीतली भाकर

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय बबे,

महालक्ष्म्या काल उठल्या, पाहुणे गेले, म्हणून आज लिहायला बसले. फोनवर हे बोलता येत नाही, पोट्टी कान देऊन असते.

थोरलीला ११वं लागलं. आषाढीचा उपास तिनं हौसेनं धरला, मग श्रावणातले सोमवार, मग शनिवार. सासूबाई गावभर सांगत सुटल्या, "आमची नात मोठी देवभोळी बाप्पा!" मीही खुलले. न जेवणाऱ्या बाईचं आपल्याकडे कौतुकच होतं, तुला काय सांगायचं. पोट्टी साबुदाण्यालाही हात लावत नव्हती, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोळा झाला, श्रावण सरला, तरी उपास सुटेनात. एका संध्याकाळी धार काढायला गेले तर गाय माझ्याकडे न पाहता दाराकडे डोळे लावून उभी, आणि गव्हाणीत अर्धी भाकर. ताटातली भाकर फ्रॉकमध्ये लपवून ही रोज तिला घालत होती.

आधी ओरडले. मग ती रडत म्हणाली, "शाळेत वजन केलं अन् सर्वायसमोर वाचून दाखवलं. पोट्टे मले पोतं म्हनतात." जरा थांबून, "तू बी तं म्हनली होती." खरंच म्हणाले होते गं, मामेभावाच्या लग्नात, हसत हसत: आता हिला माझ्याच मापाचे कपडे लागतील!

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. मुलींचं अंग ८ ते १३ या वयात कधीही भरायला लागतं, पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी. उंची झपाट्यानं वाढते ती पाळीच्या आधी, आणि त्या सुमारास अंगावर चरबी धरणं ठरलेलंच. जी लवकर वयात येते ती वर्गात उठून दिसते, तिलाच जास्त टोचतं. या वयात वजन वाढलंच पाहिजे. काटा महिनोन्महिने जागचा हलला नाही तर तीही घटच समजायची. हाडं कच्ची राहतात, पाळी लांबते. जेवण तोडायची सवय मुरली की तो मनाचा आजार होतो, मग नुसतं "जेव गं" म्हणून भागत नाही. मुलग्यांनाही होतो म्हणे.

आपल्याकडे कुपोषण म्हटलं की मेळघाट. दुभतं असलेल्या घरात पोर उपाशी राहील, हे आशाताईच्याही मनात आलं नव्हतं. आणि आपण तरी काय वेगळ्या होतो? सातवीत पोक काढून चालायचो. तुझी आई ओरडायची "ताठ चाल", माझी म्हणायची "ओढणी घे".

आता उपास बंद. सासूबाई दोन दिवस घुश्श्यात होत्या, मग स्वतःच म्हणाल्या, "देवाले समजते." आम्ही सगळे एका पंगतीत बसतो, ताटाकडे कुणी पाहायचं नाही असं ठरलंय. एक दिवस धड जेवते, दोन दिवस नुसती चिवडते. दर १५ दिवसांनी दवाखाना. टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

दिवाळीत येशील तेव्हा एवढं कर, तिला "बारीक झाली, छान दिसते" म्हणू नको. तुझी सवयच आहे ती, रागावू नको. कपाशीला बोंडं धरलीत, तिला घेऊन वावरात जा, पोहायला कुठे शिकलीस ते सांग.

गाय मात्र रुसली आहे. दिवेलागणीला अजून दाराकडे पाहून हंबरते.

तुझीच,
माई