दोन पेगनंतरचं खरं

संपादकसाहेब, नमस्कार. दारू पोटात गेली की माणूस खरंच बोलतो असं सगळे म्हणतात, पण मला नाही पटत बाप्पा. परवा आमच्या महाल भागातल्या एका सावजी खानावळीत आमचा दोस्त दोन पेगनंतर गळ्यात पडला, रश्श्याचा तेलकट हात माझ्या शर्टाला पुसत म्हणे तुझे पाच हजार उद्या सकाळीच देतो, अन् सकाळी फोनच बंद! दारूनं मेंदूच्या पुढच्या भागाचा ब्रेक ढिला होते, मग मनातलं बाहेर येते तशी फेकाफेकीही येते ना. जुना ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहिलंय, जुने इराणी लोक पिऊन ठरवलेलं दुसऱ्या दिवशी शुद्धीत परत तपासायचे, हुशार होते. दोस्ताला संध्याकाळी गाठलं तर म्हणे, मी असं बोललोच नाही.

– एक वाचक, नागपूर