रविवारची बारवी सायकल राइड: निघण्याआधी वाचा

मंडळी, रविवारी पहाटे ५ वाजता ठाण्यात तीन हात नाक्याला जमायचं. बदलापूरपर्यंतचा रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा आहे. खरी राइड पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला लागल्यावर सुरू होते.

सध्या भातकापणी चालू आहे. कुठे डांबराच्या कडेला भात वाळत घातलेलं असतं, कुठे पेंढा पसरलेला. त्यावरून सायकल अजिबात घालू नका. ते कुणाच्या तरी घरचं वर्षभराचं धान्य आहे. उतरा, सायकल हातात धरून कडेने चाला, अर्धं मिनिटही जात नाही. शिवाय दवाने ओला झालेला पेंढा ब्रेक दाबताच चाकाखालून सरकतो, आणि त्याची काडी मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) गुंतली तर हँगर, म्हणजे डिरेलर जिथे बसवलेला असतो ती पट्टी, वाकू शकतो. तिथे जवळपास दुरुस्तीचं दुकान नाही असंच धरून चाला.

वळणांवर पावसात वाहून आलेली बारीक खडी असते. ब्रेक वळणाआधी लावा, वळताना नाही. गुरं समोर आली तर थांबा, घंटी वाजवून बुजवू नका. गावातून एकामागे एक जायचं, रस्ता अरुंद आहे आणि समोरून एसटी येते.

धरणाच्या पाण्यात कुणीही उतरणार नाही. याला अपवाद नाही.

हेल्मेट, मागचा लाल दिवा, जास्तीची ट्यूब आणि पाण्याच्या दोन बाटल्या हव्यातच. येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका, पहिल्यांदा येणाऱ्यांनी तसं लिहा, म्हणजे सोबतीला जुना सदस्य देता येईल.