डिस्कला डिझेल लावायला सांगणाऱ्यांनी आधी उतार उतरून दाखवावा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

खंडेनवमीच्या निमित्ताने रविवारच्या पुरवणीत गाडी चकाचक करण्याचे घरगुती उपाय छापले आहेत, ते वाचले. रात्रभर राग आवरला आणि सकाळी हे पत्र लिहायला बसलो. झेंडूच्या हाराबद्दल, हँडलला बांधायच्या केळीच्या पानांबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने सगळे चाक, अगदी ब्रेकच्या डिस्कसकट (म्हणजे चकतीसकट) पुसून काढा, असे जे छापले आहे, ते लिहिणाऱ्याने स्वतः कधी करून पाहिले आहे काय? पाहिले असेल तर त्याच गाडीवर बसून त्यांनी कपिलेश्वर उड्डाणपुलाचा उतार एकदा उतरून दाखवावा. मी खाली उभा राहीन. जरा बाजूला.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी मोटारसायकल एका वॉशिंग सेंटरला दिली होती. नाव लिहीत नाही, तुम्ही छापणारही नाही. नवमीच्या आदल्या दिवशी तिथे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. पोऱ्याने आधी प्रेशर मारले, मग कंप्रेसरच्या गनमध्ये डिझेल भरून इंजिन, चेन, रिम, सगळ्यावर सपाटून फवारले. मी म्हटले, "अरे, डिस्कवर नको मारू." तर म्हणतो, "काय होत नाही काका, दोन ब्रेक मारला की जातंय." गाडी दिसायला झकास झाली होती, खोटे कशाला बोलू. मॅकव्हील, म्हणजे अलॉयचे चाक, नव्यासारखे काळेभोर झाले होते. डिस्कवर मात्र तेलाचे निळे-जांभळे पदर उन्हात चमकत होते. मी फडके मागितले, तर पोऱ्याने ज्याने चेन पुसली तेच पुढे केले.

मागे बायको, तिच्या मांडीवर पूजेचा कोहळा. पुलावर चढेपर्यंत ब्रेक लावायची वेळच आली नाही. उताराला लागलो आणि पुढचा ब्रेक दाबला, तर लिव्हर नेहमीसारखा कडक लागला, चाक मात्र आपल्या मनाने चाललेले. चिंऽऽ आवाज, आणि पकड शून्य. गिअर खाली टाकत, मागच्या ड्रम ब्रेकवर उभा राहिल्यागत पाय देत गाडी कशीबशी एका रिक्षाच्या पाठीला टेकता टेकता थांबली. कोहळा खाली पडून फुटला. बायको एवढेच म्हणाली, "चला, पूजा रस्त्यातच आटोपली." घरी येईपर्यंत नंतर एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने डिस्कला दाबून धरणारे ब्रेक पॅड काढून हातात दिले. कडेला बोट लावले तर तेलकट. पॅडचा मसाला सच्छिद्र असतो, तो तेल पितो. वरून कितीही पुसा, ब्रेक लावला, पॅड तापले, की आतले तेल पुन्हा वर येते. म्हणजे ते "दोन ब्रेक मारला की जातंय" हे साफ चूक. पॅड नवे घातले, डिस्क ब्रेक क्लीनरने धुतली, तेव्हा पकड आली. वॉशिंगवाल्याकडे गेलो तर त्याचे उत्तर, "चेनचं ऑइल उडालं असंल." चेन मागच्या चाकाला, डिस्क पुढच्या चाकाला! चेनचे ऑइल इंजिन ओलांडून पुढे उडते हे मला त्या दिवशी समजले.

आता मुद्द्याचे. माझी उमेदीची वर्षे उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर गेली, म्हणून हे थोडे अधिकाराने सांगतो. चाकावरचा सगळा काळेपणा एक नसतो. बहुतेक मोटारसायकलींना चेन डावीकडे असते, त्यामुळे मागच्या रिमची डावी बाजू जी काळी होते ते चेनवरून उडालेले वंगण, आणि त्यावर बसलेली धूळ. हे चिकट असते, बोटाला लागते, रॉकेलने किंवा डिग्रीजरने निघते. कारच्या पुढच्या चाकांवर जी काळी भुकटी बसते ती मात्र वंगण नव्हे. ब्रेक लावताना झिजलेल्या पॅडची आणि डिस्कची ती भुकटी. कारची डिस्क बहुधा कास्ट आयर्नची, म्हणजे बिडाची असते, त्यात ३ ते ४ टक्के कार्बन. ज्याने लेथवर बीड कातले आहे त्याला विचारा. पोलादासारखे लांब वेटोळे निघत नाही, कोरडी काळी भुकटी पडते आणि संध्याकाळी साबणाने हात धुतले तरी नखांतून जात नाही. तीच भुकटी गरम असताना अ‍ॅल्युमिनियमच्या अलॉय चाकावरच्या लॅकरवर, म्हणजे पारदर्शक लेपावर, उडून रुतून बसते. तिला डिझेल लावून काय होणार? वरचा थर जरा चमकतो, आणि डिझेल सुकले की त्या तेलकटपणावर नवी धूळ दुप्पट बसते. शिवाय डिझेल टायरला लागले की रबर फुगून मऊ पडते, ते वेगळेच.

रुतलेल्या लोहकणांसाठी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ उतरतात. वास नासक्या अंड्याचा, पण काम चोख. चाक थंड असताना, सावलीत फवारायचा आणि सुकायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाकायचा. हातमोजे घालावेत.

त्याच परिच्छेदात हट्टी डागांसाठी बाथरूमचे अ‍ॅसिडही सुचवले आहे. धन्य आहे! अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिडही खाते आणि कॉस्टिक सोडाही खातो. लॅकर शाबूत असेल तोवर ते टिकते, पण खडी लागून जिथे टवका उडाला तिथून अ‍ॅसिड आत शिरते आणि लॅकरखाली पांढऱ्या रेघा पसरत जातात. आमच्या शेजाऱ्यांच्या कारची चारही अलॉय अशीच कोड फुटल्यागत झाली आहेत. आता ते गाडी भिंतीला चिकटवून लावतात, म्हणजे निदान दोन तरी दिसत नाहीत. लोखंडी घासणीबद्दल काय बोलावे? ती भांड्यांसाठी असते.

साधी गोष्ट आहे. चाक थंड होऊ द्या, आधी नुसत्या पाण्याने माती उतरवा, मग गाडीचा शाम्पू आणि मऊ ब्रश. चाकाची बादली आणि फडके वेगळे, बॉडीला तेच लावू नका. चेन साफ करायची तर रॉकेल चालते, पेट्रोल नको. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांत बारीक रबरी रिंगा असलेली, चेन असेल तर पेट्रोल त्या रिंगा खराब करते. चेन पुसून, वाळवून ऑइल आतल्या बाजूने बेताने सोडा आणि जास्तीचे पुसून टाका, म्हणजे रिमवर उडायचेच नाही. फवारा मारताना डिस्कवर पुठ्ठा धरा. प्रेशरची गन चाकाच्या बेअरिंगच्या सीलवर रोखू नका. घरगुती मशीनसुद्धा १०० बारच्या पुढे मारते, पाणी आत जाते आणि ग्रीस बाहेर येते. धुतल्यावर गल्लीतच दोन फेऱ्या मारून ब्रेक कोरडे करा, मग मोठ्या रस्त्याला लागा. कारच्या डिस्कवर सकाळी पिवळसर गंज दिसला तर घाबरू नका, ब्रेक लावल्यावर तो जातो. एवढे छापायला तुमची दहा ओळी जागा गेली असती.

आणि चाके एवढी भरतात तरी कशाने, याबद्दलही कधी पुरवणी काढा. पाइपलाइनसाठी खणलेले चर माती लोटून तसेच सोडले आहेत. पाऊस झाला की तांबड्या मातीचा राडा, ऊन पडले की तीच धूळ. चेनच्या वंगणात ही माती मिसळली की घासपेस्टच तयार होते, स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राचे, दात बघता बघता टोकदार होतात. शहापूरपासून वडगावपर्यंत धुतलेली गाडी धुतलेली राहील असा एक सलग रस्ता दाखवा. खानापूरकडून रोज उद्यमबागेत कामाला येणाऱ्या पोरांना तर गाडी धुणेच सोडून द्यावे लागले आहे. चर कधी बुजणार, असे कार्यालयात विचारले तर दुसरे कार्यालय दाखवतात. त्यावर आपला बातमीदार का जात नाही, हे कळत नाही. बहुधा त्याची गाडी धुवायला गेली असेल.

तरी विनंती अशी की, डिझेल आणि अ‍ॅसिड या दोन्ही सल्ल्यांची दुरुस्ती खंडेनवमीच्या आधी छापावी. ती त्याच पुरवणीत, त्याच आकाराच्या अक्षरात असावी, बाजारभावाच्या खाली कोपऱ्यात नको. नवमी उलटून गेल्यावर छापणार असाल, तर वाचकांनी नव्या ब्रेक पॅडच्या पावत्या कोणत्या पत्त्यावर पाठवायच्या, तेही त्याखाली छापावे.

कळावे,

आपला जुना वाचक,
शहापूर, बेळगाव