हँडल मोकळं ठेवून बघ

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसलो, कारण त्यातली एक ओळ मनातून जाईना. तू लिहिलंयस, ‘हवा छान होती, रस्ता मोकळा होता, पाय मस्त चालत होते, पण थांबल्यावर ॲव्हरेज पाहिला आणि सगळा दिवस गेला.’ अरे, इतका वेळ तुला मजा आली होती. ती आली नाही असं एका आकड्याने सांगितलं आणि तू त्याचं ऐकलंस! आणि आता सायकलच काही दिवस भिंतीला लावून ठेवायचं म्हणतोयस. तसं करू नकोस. सायकल चालू ठेव, हँडलवरचा तो वेग-अंतर दाखवणारा कॉम्प्युटर काढ.

मी माझा काढला त्याला बरेच महिने झाले. मागे भेटलो तेव्हा त्याबद्दल ओझरतं बोलणं झालं होतं, पण गप्पांच्या ओघात विषय राहून गेला. आज नीट लिहितो.

आधी त्या ॲव्हरेजचा, म्हणजे सरासरी वेगाचा, हिशेब करू, कारण तू हिशेबाचा माणूस आहेस. समज, वारा अंगावर घेत 20 किलोमीटर ताशी 20 ने गेलास आणि तोच वारा पाठीवर घेत ताशी 30 ने परत आलास. ॲव्हरेज 25 यायला हवा असं वाटतं, पण येतो 24. जाताना तासभर लागला, येताना चाळीसच मिनिटं. हळू चालण्यातच जास्त वेळ गेला ना. घाटात तर विचारूच नकोस. 10 किलोमीटर ताशी 10 ने चढलास आणि 40 ने उतरलास तर हाती येतात 16. जोराचा वारा असेल, चढउतार असतील, तर पाय कितीही चांगले चालोत, तो आकडा खाली येणारच. वर सिग्नल, उखडलेला रस्ता, कुणाला वाट देण्यासाठी दाबलेला ब्रेक, हे सगळंही त्यातच जमा. इतक्या गोष्टींची खिचडी असलेल्या आकड्यावरून आपला दिवस चांगला की वाईट हे ठरवायचं, हे मला पटत नाही.

तुझा आकडा 28 वर अडकलाय, पुढे सरकत नाही, असंही लिहिलंयस. सपाट रस्त्यावर या वेगाला आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 28 चे 29 करायचे तर हवेसाठीच साधारण अकरा टक्के जास्त जोर लावावा लागतो. वेग दहा टक्के वाढवायचा तर एक तृतीयांश जास्त. म्हणजे तू अडकलेला नाहीस. तू खरोखर सुधारत असशील आणि तरी तो आकडा तुला काहीही दाखवणार नाही, हे सहज शक्य आहे. हे वाचून तुझ्या डोक्यावरचं थोडं ओझं उतरावं म्हणून एवढं गणित मांडलं.

आता मुद्द्याचं. कॉम्प्युटर काढल्यावर नेमकं काय बदलतं?

सगळ्यात आधी नजर. हँडलवर आकडा असला की डोळे तिकडे जातातच, त्यात आपली इच्छा विचारली जात नाही. उतारावर ताशी 45 ने जाताना एक सेकंद खाली पाहिलं तर सायकल साडेबारा मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्यात खड्डाही येऊन जातो आणि कुत्रंही. आणि ॲव्हरेज राखायचा म्हणून चौकात ब्रेक दाबायचा जिवावर येतं, हे तुला वेगळं सांगायला नको. समोर आकडा नसला की थांबणं महाग वाटत नाही. पाणी प्यायला थांबावं, नदीवर पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून दोन मिनिटं उभं राहावं, एखादा रस्ता कुठे जातो ते बघायला आत शिरावं आणि पुढे बंद निघाला तर परत फिरावं. मी हल्ली असा खूप फिरतो. वर्षानुवर्षं ज्यांच्यासमोरून गेलो ते फाटे आता ओळखीचे झालेत.

पण मला खरी गंमत कळली ती चढावर. माझ्या नेहमीच्या रस्त्यावर एक चढ आहे; सुरुवातीला सोपा, मग एका वळणानंतर एकदम उभा होतो. पूर्वी त्या वळणावर स्क्रीनवर चढाचे सात, आठ, नऊ टक्के असे आकडे चढत जायचे आणि प्रत्येक आकड्याबरोबर मन थोडं थोडं हार मानायचं. आता तिथे माझ्याजवळ फक्त माझं शरीर असतं, आणि ते किती काय काय सांगतं बघ. आधी नाकाने चाललेला श्वास पुरेनासा होतो आणि तोंड उघडतं. मग खांदे कानांकडे सरकतात. बोटं मुठींवर आवळली जातात. आणि शेवटी पुढचं चाक रस्त्यावर किंचित डावी-उजवीकडे भरकटायला लागतं. ही माझी खूण. चाक भरकटलं की गिअर जड झालाय. एक गिअर हलका करायचा, बोटं सैल सोडायची, श्वास लांब सोडायचा, की चार-पाच पायडलांत चाक परत सरळ रेषेत येतं. ते सरळ होताना पाहण्यात जो आनंद आहे, तो मला कुठल्याही आकड्याने दिलेला नाही. शिवाय स्क्रीनवरचा चढाचा आकडा काही सेकंद मागे असतो, आणि छातीचे ठोके तर जोर लावल्यानंतर बऱ्याच वेळाने वर जातात. श्वास मात्र आत्ताचं सांगतो.

हे काही माझ्या मनचं नाही. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने 6 ते 20 अशी एक मोजपट्टी बनवली. आपल्याला किती कष्ट पडताहेत याचा आपणच अंदाज करायचा आणि आकडा सांगायचा. 6 म्हणजे काहीच नाही, 20 म्हणजे जीव जाईल इतके. निरोगी माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण हृदयाच्या ठोक्यांच्या जवळपास येतं, अशी त्या पट्टीची रचना आहे. डॉक्टर आणि प्रशिक्षक आजही ती वापरतात. त्याहून सोपी परीक्षा बोलण्याची: पूर्ण वाक्य आरामात बोलता आलं तर वेग दिवसभर चालण्यासारखा, तीन-चार शब्दांवर दम लागला तर जोर जास्त. आणि पायडल किती फिरताहेत हे बघायचंच असेल तर उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर आला ते मोज आणि चारने गुण. झालं.

कानांचंही सांगतो, कारण हा भाग मला अजिबात अपेक्षित नव्हता. निघण्याआधी मी मोकळ्या जागी उभा राहतो आणि तोंड हळूहळू फिरवतो. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा झाला की वारा बरोबर नाकासमोरून येतोय. मग आधी वाऱ्याच्या तोंडाला जायचं आणि परतताना तो पाठीवर घ्यायचा. कुठल्या बाजूला निघायचं हा निर्णय आता असा होतो, कुठला सेगमेंट, म्हणजे ॲपवर वेळ लावून तुलना होते तो रस्त्याचा तुकडा, कुठे आहे यावर नाही. चालवतानाही कान उघडे असतात. डांबर बदललं की टायरचा सूर बदलतो. चेन कोरडी पडली की आधी बारीक चिवचिव येते. मध्यंतरी मागून एक हलकी टिकटिक यायला लागली. पायडल थांबवले तरी ती चालूच राहिली, म्हणजे गडबड पायडलकडे नव्हती, चाकाकडे होती. थांबून टायर फिरवून पाहिला तर रबरात एक टोकदार खडा रुतून बसला होता, आतपर्यंत पोचला नव्हता. नखाने काढला आणि पुढे निघालो. डोकं आकड्यात असतं तर ती टिकटिक मी पंक्चर होईपर्यंत ऐकली असती का, मला शंका आहे.

यावरून असं समजू नकोस की मोजणं मला वाईट वाटतं. माणूस पहिल्यापासून मोजत आलाय. अमेरिकेत हार्टफर्डच्या कर्टिस व्हीडरने 1895 च्या सुमारास सायकलच्या चाकाजवळ बसवायचा एक छोटा मोजणारा डबा काढला. आरीला लावलेली खुंटी दर फेरीला एका दातेरी चाकाला धक्का द्यायची आणि मैल पुढे सरकायचे. किती गेलो हे घरी पोचल्यावर वाकून बघायचं, संपलं. ते कुतूहल मला आजही गोड वाटतं. मग 1986 मध्ये जर्मनीच्या उलरिख शोबेररने पायडलवरचा जोर मोजणारं यंत्र आणलं, मग उपग्रहावरून जागा समजणारे कॉम्प्युटर आले, आणि 2009 पासून स्ट्राव्हासारखी ॲप आली. तिथे आपला प्रत्येक चढ दुसऱ्या कुणाच्या तरी चढाशेजारी मांडला जातो. व्हीडरचा डबा घरी आल्यावर बोलायचा. हा आजचा कॉम्प्युटर सबंध वाटभर बोलतो, आणि बहुतेक वेळा आपण कुणाच्या तरी मागे आहोत हेच बोलतो.

2016 मध्ये जॉर्डन एटकिन या अमेरिकी संशोधिकेने यावर प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली. चालणं, वाचणं, चित्रं रंगवणं अशा मजेच्या गोष्टी काही लोकांना मोजत करायला दिल्या, काहींना न मोजता. मोजणाऱ्यांनी केलं जास्त, पण त्यांना मजा कमी आली, आणि नंतर तीच गोष्ट करत राहण्याची त्यांची ओढही कमी झाली. मोजल्यामुळे लक्ष किती झालं याकडे जातं आणि आवडीची गोष्ट काम वाटायला लागते, असा त्यांचा निष्कर्ष. तुझ्या पत्रातली ती ओळ वाचताना मला हेच आठवत होतं. तुझा सायकलवरचा जीव उडालेला नाही रे. ती तुला नोकरीसारखी वाटायला लागली आहे, इतकंच.

कॉम्प्युटर कधी हवा तेही सांगतो. तू ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायची राइड, करायचं म्हणत होतास. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस तास, आणि कुठल्या फाट्याला वळायचं ते कागदावर किलोमीटरने दिलेलं. तिथे अंतर कळायलाच हवं. अनोळखी रस्त्यावर रात्री तर नकाशा हवाच. शर्यतीची तयारी करणाऱ्याला वॉट, म्हणजे पायांच्या शक्तीचे आकडे, लागतात. आणि डॉक्टरांनी ठोक्यांची मर्यादा घालून दिली असेल तर ठोके मोजणारा पट्टा छातीवर असलाच पाहिजे, त्यात मनाचं ऐकायचं नाही. पण तू ज्या सकाळबद्दल लिहिलंस ती यातली कुठलीच नव्हती. तुला फक्त सायकल चालवायची होती.

सुरुवातीला काय होईल ते सांगून ठेवतो, म्हणजे घाबरणार नाहीस. नजर सारखी त्या रिकाम्या जागेवर जाईल. आपण फार हळू चाललोय असं वाटेल, मग फार जोरात चाललोय असं वाटेल. पहिल्या काही राइड फुकट गेल्यासारख्या वाटतील, कारण घरी येऊन कुणाला दाखवायला काही नसतं. ही चुटपुट मला बराच काळ होती. ती एकदम जात नाही, विरत जाते. एकदम काढवत नसेल तर चालू करून मागच्या खिशात टाक, घरी येऊन लगेच बघू नकोस; आठवड्याने बघ. तोवर त्या आकड्याचं फार काही वाटत नाही. वेळेचं बंधन असेल तर मनगटावर साधं घड्याळ पुरतं. पाण्यासाठी मी रस्त्यावरच्या खुणा धरल्या आहेत: मोठं वळण आलं, पूल आला, की एक घोट. बीप वाजायची वाट बघावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र मला एकट्याने करता येत नाही, आणि ती म्हणजे तुझ्याबरोबर चालवणं. आपण शेवटचं बरोबर गेलो तेव्हा तू पुढे होतास, मी मागे, आणि दोघांचंही लक्ष आपापल्या हँडलवर. मध्ये जेमतेम चार वाक्यं बोललो असू. मला तुझ्या शेजारून जायचंय, रस्ता रिकामा असेल तिथे जोडीने, इतक्या वेगाने की बोलता येईल. चढ आला की ज्याचे पाय चांगले असतील त्याने वर जाऊन थांबायचं. तुझ्या आईची तब्येत, तुझी नवी जागा, माझं अर्धवट राहिलेलं काम, सगळं बोलायचं राहिलंय.

तेव्हा येत्या पंधरवड्यात ये. दोन दिवस काढून ये, एकाने भागणार नाही. तुझी सायकल आणणं जमणार नसेल तर माझी जुनी आहे. सीटची उंची तुला बरोबर होईल, मागचे ब्रेक पॅड मी बदलून ठेवतो. पंप आणि दोन ट्यूब माझ्याकडे आहेत. रस्ता अजून ठरवलेला नाही, त्या सकाळी वारा बघून ठरवू. कुठल्या गाडीने येतोस तेवढं कळव, घ्यायला येतो.

आईंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जुना सोबती