नेत्यांची नव्हे, निर्णयांची तुलना शिकवा

महोदय,

नववी-दहावीच्या वर्गात नेतृत्व हा विषय बहुधा जयंतीच्या भाषणांतूनच पोहोचतो. धाडसी, कणखर, दूरदृष्टीचे ही विशेषणे मुलांना पाठ असतात. नाव बदलले तरी भाषण तेच. दोन नेत्यांची तुलना करा म्हटले की ‘मोठे कोण’ यावर वाद पेटतो, त्यात घरची जात आणि पक्ष उतरतात नि तास वाया जातो.

तुलना एकेका निर्णयाची करावी आणि पेच दोन्हीकडे सारखा निवडावा. माघारीचाच घ्या. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या फौजेचा पुरंदरला वेढा पडला, तेव्हा शिवाजी महाराजांनी तह करून २३ किल्ले दिले, १२ राखले. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यात जमावाने पोलीस ठाणे जाळले आणि गांधीजींनी असहकार आंदोलन थांबवले. तुरुंगातले मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय यांना ते रुचले नाही. एकीकडे शत्रूचे बळ होते, दुसरीकडे आपल्याच माणसांनी केलेली हिंसा.

पाच-पाच मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक पान द्यावे. त्यावर निर्णयाच्या दिवसापर्यंतच्याच घटना असाव्यात. १६७० मध्ये कोंढाणा परत घेतला हे आधी कळले, की तहाला ‘गनिमी कावा’ म्हणून मुले मोकळी होतात. पंधरा मिनिटांत गटाने स्वतःचा निर्णय लिहावा. नेत्याला तेव्हा काय ठाऊक होते, त्याने कोणाला विचारले, नुकसान कोणाच्या वाट्याला आले, न पटलेल्यांचे काय झाले, एवढेच प्रश्न पुरेत. पुढचे पान त्यानंतर. एका तासिकेत हे उरकत नाही, जोडतासच लागतो.

हुकमी, सल्लामसलतीची, मोकळीक देणारी ही शैलींची नावे अगदी शेवटी सांगावीत. आधी सांगितली की मुले माणसांवर शिक्के मारतात. बाबासाहेब १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर सर्वांच्या पुढे चालले. संविधान सभेत तेच एकेका कलमावरच्या दुरुस्त्यांना सभागृहात उत्तरे देत होते. त्यांना कोणत्या एका खणात घालणार?

आपल्या सोलापूरचा धडा तर याहून अवघड आणि म्हणून जास्त मोलाचा. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, पोलीस मागे हटले आणि मार्शल लॉ लागेपर्यंत शहराची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिली. एकच नेता समोर नसताना ते कसे जमले, हे मुलांनी शोधायला हवे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली, एवढे त्यांना ठाऊक असते. त्याआधीचे दिवस ठाऊक नसतात.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनी त्या दिवसांवरचे चारपानी टिपण जाणकारांकडून तपासून घ्यावे आणि १२ जानेवारीच्या आधी शाळांना द्यावे, ही विनंती.

— माध्यमिक शाळांतील काही इतिहास शिक्षक, सोलापूर