अजून सात आठवडे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा मेसेज आईला आला. मला नाही आला, पण असो. स्वारगेटला उतरून पुढं काय मिळालं एवढंच विचारायचं होतं, ते तिनं विचारलं.

शाहूपुरीत दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, म्हणून दुकानात बसून लिहितोय. फोनवर माझा आवाज चढतो असं तू म्हणतेस, आईही म्हणते, आणि दसऱ्याच्या रात्री तर तो फोन नसताना चढला. कागदावर तेवढं तरी होणार नाही.

सकाळी दाढी करताना बेसिनच्या फळीवर तुझी मुरुमांवरच्या जेलची ट्यूब दिसली. पंधरा ग्रॅमची, निम्मी संपलेली, झाकण घट्ट लावलेलं. विसरलीस की ठेवून गेलीस? झाकणामुळं विचारतोय. तू विसरतेस त्या वस्तूंची झाकणं कधीच लावलेली नसतात.

ठेवून गेली असशील तर तिकडं काय लावतेयस? ती जुनी स्टिरॉइडची क्रीम घेतली नाहीस ना? हिंजवडीतल्या एखाद्या मेडिकलमध्ये नाव घेतलंस की विनाचिठ्ठीची पुढ्यात येईल, हे मला कुणी सांगायला नको. काउंटरच्या या बाजूला मी अठ्ठावीस वर्षं उभा आहे.

आत्याचं मनावर घेऊ नकोस. दसरा चौकातून येऊन नुसतं सोनं वाटत होतो, तेवढ्यात तिनं तुझी हनुवटी धरली आणि "अगंबाई, हे काय करून घेतलंस? पाहुणे यायचेत की कराडचे" म्हणाली. सगळ्यांसमोर. तिची जीभ पहिल्यापासून तशीच. मी डी. फार्मला होतो तेव्हा माझ्या गालांना ती 'पन्हाळ्याचा रस्ता' म्हणायची, तेही घरी पाहुणे असताना. मला अजून राग आहे त्याचा, आणि दर भाऊबीजेला मी तिला साडी घेतो. माझी 'उष्णता' उतरावी म्हणून आक्कानं दोन वर्षं माझा तांबडा रस्सा बंद केला होता. पांढरा चालायचा. रस्सा बंद झाला, मुरुमं काही बंद झाली नाहीत, खड्डे पडायचे ते पडलेच. तुझ्या डॉक्टरांना मी या वेळी मुद्दाम विचारलं, त्यांनी रश्शाचं नावसुद्धा घेतलं नाही. तेव्हा खात जा. रविवारी तू नुसती भाकरी चिवडत होतीस.

आता जेलचं. डॉक्टरांनी तुला सांगितलंय, मीही सांगितलंय, तरी लिहितो. अ‍ॅडापेलिन 0.1 टक्का आणि बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के, दोन्ही एकाच ट्यूबमध्ये. पिंपल वर दिसतो त्याच्या कितीतरी आठवडे आधी आत छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या कातडीचा आणि तेलाचा बूच बसलेला असतो. अ‍ॅडापेलिन तो बूच बसू देत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं, आणि अँटिबायोटिकला जंतू सरावतात तसे याला सरावत नाहीत. म्हणजे आज तुझ्या हनुवटीवर जे उगवतंय, त्यातलं बरंचसं जेल सुरू करायच्या आधी पेरलेलं आहे. म्हणून डॉक्टर बारा आठवडे म्हणाले. तुझे पाच झालेत. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा कोरडा पडतो, लाल होतो, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात, आणि एखाद्याला आधीपेक्षा जास्त आल्यासारखं वाटतं. सगळ्यात वाईट दिसण्याच्या दिवसांत दसरा आला, आणि त्यात आत्या आली.

किती लावायचं? मटारच्या एका दाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. तू पिंपलवर टिकली लावल्यासारखी लावतेस ते मी बघितलंय. नुसत्या फोडावर नाही, सगळीकडं पातळ, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा सोडून. तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर. फार आग झाली तर एक दिवसाआड, आणि वरून साधं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन, ढग असले तरी. आणि पाहुणे येणार म्हणून पार्लरमध्ये जाऊन ओठावर वॅक्स करून घेऊ नकोस. या जेलवर असताना कातडी सोलून निघते, तशी एक मुलगी रडत दुकानात आली होती.

बघ, झालंच लेक्चर सुरू. माफ कर. अठ्ठावीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच बोलून जिभेला वळण पडलंय. मला लिहायचं होतं ते वेगळंच होतं आणि त्याच्या भोवतीच मी फिरतोय.

स्वयंपाकघरात तू म्हणालीस, "पप्पा, ती जुनी क्रीम द्या की. पंधरा दिवसांपुरती." मी ओरडलो. मग तू शांतपणे म्हणालीस, "तेव्हा तुम्हीच दिली होती की." आणि वर निघून गेलीस.

हो. मीच दिली होती.

2019चं पाणी तुला आठवतं. ऑगस्टात पंचगंगा शाहूपुरीत शिरली आणि दुकानात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर शटर उघडलं तर फ्रिज आडवा पडलेला, इन्सुलिन सगळं गेलेलं, आणि खोक्यांचा लगदा. तू अकरावीत होतीस. तोंडाला ओढणी बांधून चार दिवस माझ्याबरोबर चिखल काढलास. वासामुळं बांधलीय असं मला वाटत होतं. वास गेला, फिनेल मारून झालं, तरी तुझी ओढणी काही सुटली नाही. मग एक दिवस आई म्हणाली, अहो, पोरगी कॉलेजला जात नाहीये, चेहऱ्यामुळं.

मला पन्हाळ्याचा रस्ता आठवला. वरच्या खणातला माल तेवढा कोरडा राहिला होता, त्यात ती क्रीम होती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. ती वांगासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळ्या डागांसाठी असते, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे आठवडे. मुरुमांसाठी नाहीच. आणि मला माहीत नव्हतं असं नाही, मनू. आदल्याच वर्षी, 2018 साली, सरकारनं असल्या स्टिरॉइडच्या मलमांना चिठ्ठी सक्तीची केली होती. त्याआधी तालमीतली पोरं गजकर्णावर स्टिरॉइडचं मलम मागायला यायची. खाज दोन दिवसांत थांबायची, आणि महिन्याभरानं तेच पोरगं यायचं तेव्हा रुपयाएवढा चट्टा ताटलीएवढा झालेला असायचा. मी त्यांना चार शब्द सुनवायचो. आणि घरी येऊन तुझ्या हातात ट्यूब दिली. पाण्यात दुकान गेलेलं, तुझा चेहरा तरी आठ दिवसांत नीट व्हावा असं वाटलं असेल. असेल म्हणजे, वाटलंच.

झालाही. आई मीठमोहऱ्या उतरून टाकायला निघाली होती. दिवाळीच्या फोटोत तू कसली दिसतेस! तो फोटो काउंटरच्या काचेखाली आहे आणि मला तो बघवत नाही, आणि काढवतही नाही. ट्यूब संपली की तू दुसरी न्यायचीस, मी देत होतो. मग थांबवली तेव्हा जे उसळलं ते तू भोगलंयस, मी काय लिहू? गाल भाजल्यासारखे लाल, उन्हात जाता येईना, गालांवर बारीक शिरा दिसायला लागल्या, लव वाढली. लॉकडाउन लागला, सगळं जग तोंड बांधून फिरायला लागलं, आणि तू म्हणालीस, "बरं झालं." सतरा वर्षांची पोर. तो शब्द मी अजून गिळतोय.

तेव्हा डॉक्टरांनी आधी ती कातडी शांत व्हायला किती महिने घालवले, आठव. आत्ताची जेल त्यानंतरची आहे. लोकांना दोन्ही ट्यूबच वाटतात. ती क्रीम आठ दिवसांत दाखवते आणि मग वसूल करते. ही तीन महिने काहीच दाखवत नाही असं वाटतं. म्हणून सांगतो, पंधरा दिवसांपुरतीसुद्धा नको. पंधरा दिवसांपुरती घेतलेली बरीच गिऱ्हाइकं मला पुढं वर्षभर दिसलीत.

पुन्हा तेच लिहिलं. जाऊ दे.

शेजारच्या वकिलांना मी परवाच सांगत होतो, आमची मनू आता चार जणांची टीम सांभाळते. ते म्हणाले, चार? मी म्हटलं, पाच. (चारच आहेत ना?) पहिल्या महिन्यात तू आपल्या कोल्हापुरी वळणानं "मी येतो", "मी जातो" म्हणालीस म्हणून तिथल्या पोरी हसल्या होत्या, आणि तू रडत फोन केला होतास. आता परवा तू जेवताना ऑफिसच्या फोनवर "मी बघतो, मी करून टाकतो" असं बिनधास्त म्हणत होतीस, पुण्यातल्या माणसाला. मी ताटात बघून हसलो. पण कॅमेरा मात्र तू बंद ठेवला होतास. विचारलं तर नेट चालत नाही म्हणालीस. आपल्या घरचं नेट चांगलं आहे.

एक गोष्ट खरं तर आईनं सांगायला हवी, पण ती म्हणते औषधाचं तुम्हीच सांगा. काउंटरवर मी कुठल्याही बाईला सरळ विचारतो की दिवस गेलेत का, तसा विचार आहे का. तुला लिहिताना पेन अडतंय. पुढं कधी लग्न झालं आणि मूल हवं असं ठरलं, की ही जेल आधी डॉक्टरांना सांगून बंद करायची. झालं.

आता रागावशील अशी गोष्ट. कराडच्या पाहुण्यांना मी काल फोन केला आणि मार्गशीर्ष लागल्यावर या म्हणालो. तुला न विचारता. दुकानात स्टॉकची मोजदाद आहे असं कारण दिलं. मनात हिशेब असा होता की तोपर्यंत तुझे बारा आठवडे होतात, तुझी घाई जाईल, मग ती क्रीम घेणार नाहीस. रात्री अडीचला जाग आली तेव्हा वाटलं, म्हणजे मीही तेच म्हणालो की. चेहरा नीट झाल्यावर बघायला या. आत्यानं तोंडावर म्हटलं, मी फोनवर, एवढाच फरक. मग झोप लागली नाही. तुला आहे तश्शी याच महिन्यात भेटायचं असेल तर सांग, मी परत फोन करतो, मोजदाद संपली म्हणतो. मुळात भेटायचंच नसेल तर तेही सांग. आईला मी बघून घेईन. बघून घेईन म्हणजे प्रयत्न करीन.

ट्यूब पार्सलमध्ये घालतोय. सोबत एक नवीन, पाठीवर मी मार्करनं तारीख घातलीय. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आईचा तिखटाचा डबा आणि आक्काच्या शेंगदाण्याच्या पोळ्या. शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येईल, कंडक्टरचा नंबर आईच्या मेसेजमध्ये. जेल खिडकीत उन्हात ठेवू नकोस.

लावलीस की मला नुसता एक अंगठा पाठव. रोज नको. आठवड्यातून एकदा.

तुझा,
पप्पा

ता. क. तुझ्या निळ्या अभ्र्यावर पिवळट डाग पडले म्हणून आई चार आठवडे धुण्याच्या पावडरला शिव्या घालत होती, ब्रँडही बदलला. ते जेलमधल्या पेरॉक्साइडनं झालंय, रंग उडतो त्यानं. माझ्या दाढीच्या टॉवेलचंही तेच. आईला अजून सांगितलेलं नाही. पार्सलमध्ये चार पांढरे अभ्रे घातलेत, पांढऱ्यावर दिसत नाही.