खोलीचा पिनकोड आधी बघा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत दोन दिवसांत मुंबई कशी पाहावी यावर लेख आला होता. काय बघावं, कुठे खावं, सगळं होतं. उतरावं कुठे, यावर मात्र अवाक्षर नाही. आमचं घोडं तिथंच अडलं होतं, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मुलगा, सून, दोन नातवंडं आणि मी, असे पाच जण बार्शीहून निघालो. खोली मुलाने मोबाइलवर ठरवली होती. दिवसाला सोळाशे रुपये, पाच जणांना एकच मोठी खोली, लॉजच्या नावातच ‘मुंबई’. शनिवारी सकाळी लातूर एक्स्प्रेसने सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. जे बघायला आलो त्याच्या दारातच उभे होतो, आणि तिथूनच बोचकी उचलून उलटे निघालो! दादरला पूल चढून विरार लोकल, मीरा रोडला उतरून रिक्षा. नात खिडकीशी बसून स्टेशनांच्या पाट्या वाचत होती. बोरिवली गेल्यावर म्हणाली, “आजी, मुंबई मागं राहिली ना?”

मागंच राहिली होती. मीरा रोड ठाणे जिल्ह्यात येतं, चर्चगेटपासून चाळीसेक किलोमीटर. लॉजला नावं ठेवणार नाही. चादरी स्वच्छ, पाणी गरम. पण संध्याकाळी पाचच्या आत चर्चगेट सोडा, नाहीतर विरारच्या गर्दीत लेकरं चेपतील, असं लॉजवाल्यानेच बजावलं होतं. त्यामुळे दिवे लागायच्या आत आम्ही गाडीत. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकलचा खोळंबा. सोमवारी घारापुरीला जायला गेटवेवर पोहोचलो, तर लेणी सोमवारी बंद असतात हे तिथे कळलं (ही चूक आमचीच). नातवाने मरीन ड्राइव्हचे दिवे बघायचा हट्ट धरला म्हणून त्या रात्री थांबलो आणि टॅक्सीने परतलो. रात्रीचं भाडं धरून अकराशे झाले. खोलीत वाचवलेलं बरंचसं तिथं गेलं.

घरी आल्यावर लॉजची पावती नीट वाचली. पत्त्याच्या शेवटी ४०११०७. मुंबईचा पिनकोड ४०० ने सुरू होतो, हा ४०१ ने. तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पिनकोडचे आकडे समजावून सांगितले, आणि स्वतःची खोली ठरवताना तोच आकडा बघितला नाही!

यंदा खोली मी ठरवली. मोबाइल मुलाचा, चष्मा माझा. चित्रं बघायचीच नाहीत, आधी पिनकोड. ४००००१ म्हणजे फोर्ट, ४००००४ गिरगाव, ४०००२८ दादर. नुसत्या ४०० वर भागत नाही, ठाणं आणि नवी मुंबईचाही पिनकोड ४०० नेच सुरू होतो. शेवटी गिरगावात एक जुनं लॉज मिळालं. दिवसाला सव्वीसशे, संडास-बाथरूम सामाईक, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर चढताना माझे गुडघे रोज काहीबाही बोलायचे.

पण सकाळी सहाला चौपाटीवर पायी. दुपारी जेवून खोलीवर येऊन नातवंडं दोन तास झोपायची, हे मीरा रोडहून कुठलं जमायला? नवी भुयारी मेट्रो गिरगावातूनच जाते. सीएसएमटी दुसरं स्टेशन, आणि उलट्या दिशेला बसलं की गाडी न बदलता सिद्धिविनायक. रात्री नऊला पुन्हा बाहेर पडून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर शेंगा खात बसलो. एका रात्री दिव्यांत उजळलेली सीएसएमटीची इमारत बघायला गेलो. १८८८ साली पूर्ण झालेली ती इमारत गेल्या खेपेला आम्ही फक्त बोचकी सांभाळत ओलांडली होती. नातीने तिच्यावर कोरलेले प्राणी मोजायला घेतले आणि सोळापर्यंत गेल्यावर पोलिसाने आम्हाला रस्त्यातून बाजूला केलं.

गाडी सकाळी पोहोचते आणि खोली मिळते दुपारी बाराला. त्याची तोड म्हणजे स्टेशनवरचं सामान ठेवायचं क्लोकरूम. मात्र बॅगांना कुलूप लागतं, ते घरूनच न्यावं. ज्यांना फक्त एक रात्र काढायची आहे त्यांनी रेल्वेच्या विश्रांतिगृहाचाही विचार करावा. तिकिटाच्या पीएनआरवर नोंदणी होते, पण सुट्टीत जागा लवकर भरतात.

मीरा रोड, बोरिवली वाईट असं माझं म्हणणं नाही. कान्हेरी लेणी बघायची असतील तर बोरिवलीतच उतरावं, तिथं गिरगाव लांब पडेल. बघायचं काय ते ठरलं की राहायचं कुठे ते त्यावरून ठरतं. आम्ही पहिल्या खेपेला नेमकं उलटं केलं: आधी स्वस्त खोली, मग मुंबई.

आता आपल्याकडे एक मागणं. आपल्याच अंकात लॉजच्या आणि ‘मुक्कामासह मुंबई दर्शन’च्या जाहिराती येतात. त्यांत मुक्कामाच्या जागेचा पिनकोड आणि सगळ्यात जवळचं रेल्वे किंवा मेट्रो स्टेशन छापल्याशिवाय जाहिरात घेऊ नये, असा नियम आपण करू शकाल का? एका ओळीची जागा लागेल. सहलीवरच्या लेखांतही ती ओळ यावी. मे महिन्याच्या सुट्टीआधी झालं तर फार बरं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बार्शी